दुसरें घर घ्यावें कीं न घ्यावें ?

‘घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून’ ही म्हण आपल्या पूर्वजांनीं अनुभवाचे चटके सोसूनच रचिली असली पाहिजे. परंतु तिच्यांतील घर हें राहतें घर होय. आजच्या सुशिक्षित कुटुंबांपुढें उभा राहिलेला प्रश्न थोडा निराळा आहे. राहतें घर आहे. मुलें मार्गीं लागलीं आहेत. निवृत्तीच्या वेळीं भविष्यनिर्वाह निधीचे आणि उपदानाचे मिळून दहा-बारा लाख रुपये हातीं आले आहेत. ठेवीवरील व्याज महागाईच्या मानानें तोकडें वाटतें. अशा वेळीं कोणी स्नेही सांगतो, ‘‘थोडें कर्ज काढा आणि एखादें घर घेऊन भाड्यानें द्या. हप्ता भाडेकरूच भरील, आणि वीस वर्षांनीं घर तुमचें !’’ सल्ला ऐकावयास मोठा गोड आहे. तो कितपत खरा आहे, हें हिशेबाच्या वहीवर तपासून पाहण्याचा या लेखाचा हेतु आहे.

उदाहरणासाठीं पुण्या-मुंबईकडे न जातां आपण जालना जिल्ह्यांतील मंठा हें गांव घेऊं. कारण मोठ्या शहरांतील किमती नव्यानें या व्यवहारांत पडणाऱ्याच्या आवांक्याबाहेर गेल्या आहेत, आणि पुष्कळांची नजर आतां आपल्या मूळ तालुक्याच्या गांवाकडे वळूं लागली आहे.

मंठ्यासारख्या गांवीं भाड्यानें कोण राहतो ?

मंठा हें १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांतील गांव. पुढें तें परभणी जिल्ह्याच्या परतूर तालुक्यांत होतें. १ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा निर्माण झाला तेव्हां तें त्यांत आलें, आणि कालांतरानें स्वतंत्र तालुक्याचें ठिकाण झालें. गांवास आगगाडी नाहीं. जवळचें स्टेशन म्हणजे परतूर. जालन्याहून जिंतूरकडे जाणारी सडक हीच येथली मुख्य वाट. कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर पंचक्रोशीचें जीवन चालतें. आतां येथें नगरपंचायत आहे, तहसील कचेरी आहे, बाजार समिती, बँका, शाळा व दवाखाने आहेत.

या यादींतच भाडेकरूचें उत्तर आहे. बदलीवर आलेला बँकेचा कारकून, शिक्षक, परिचारिका, तलाठी, तहसिलींतील अव्वल कारकून, मुलांच्या शिक्षणासाठीं खेड्यांतून येऊन राहिलेलें शेतकऱ्याचें कुटुंब, हे येथील भाडेकरू. यांपैकीं पगारदार मंडळी भाडें वेळेवर देतात. परंतु तीं बदलीचीं माणसें. दोन-तीन वर्षांनीं घर रिकामें होणारच. शिवाय त्यांना मिळणारा घरभाडें भत्ता लहान गांवाच्या दरानें मिळतो. भाडें त्या भत्त्याच्या फार पलीकडे गेलें कीं अनेकजण जालन्याहून किंवा परतूरहून जा-ये करणें पत्करतात. म्हणजे येथील भाड्यास एक अदृश्य छत आहे. घराची किंमत वाढली म्हणून भाडें त्या प्रमाणांत वाढत नाहीं, ही गोष्ट प्रारंभींच मनांत पक्की धरावी.

सडकेवरील दुकानाच्या गाळ्याची गोष्ट वेगळी. त्याचें भाडें चढें असतें. पण तें पावसावर अवलंबून असतें. १९७२ चा दुष्काळ वृद्धांस आठवतो; २०१२-१३ चा तर तरुणांसही आठवतो. शेतकऱ्याच्या हातीं पैसा नसला कीं कापडाचें दुकान ओस पडतें, आणि ओस दुकानाचा गाळा पुष्कळ महिने कुलूप लावून ठेवावा लागतो. घराचा भाडेकरू गेला तर दुसरा महिन्या-दोन महिन्यांत मिळतो. गाळ्यास वर्षही लागूं शकतें. यास्तव नवशिक्यानें गाळ्याच्या मोहांत प्रथम पडूं नये.

हिशेब

आतां वही उघडूं. पुढील आंकडे मंठ्याचा बाजारभाव म्हणून दिलेले नाहींत. रीत समजावी म्हणून गृहीत धरलेले आहेत. वाचकानें आपल्या घराचे आंकडे त्यांच्या जागीं घालावे.

समजा, दोन बिऱ्हाडें राहूं शकतील असें एक घर २० लाख रुपयांस मिळतें. मुद्रांकशुल्क, नोंदणी, वकील व किरकोळ दुरुस्ती यांस दीड लाख धरूं. एकूण गुंतवणूक साडेएकवीस लाख. प्रत्येक बिऱ्हाडाचें भाडें ४,५०० रुपये, म्हणजे महिना ९,००० व वर्षाचे १,०८,०००. पण बारा महिने घर भरलेलें राहत नाहीं. वर्षांतून एक महिना रिकामा धरला तर हातीं ९९,००० येतात. त्यांतून नगरपंचायतीचा कर, विमा, रंगसफेदी, पाण्याच्या पंपाची दुरुस्ती आणि गळणारें छत यांसाठीं १५,००० बाजूस काढले पाहिजेत. उरले ८४,०००. साडेएकवीस लाखांवर हें उत्पन्न शेंकडा चारांहूनही किंचित् कमी पडतें.

आतां कर्ज. दहा लाख रुपये शेंकडा नऊ व्याजानें वीस वर्षांच्या मुदतीनें काढले तर मासिक हप्ता सुमारें ८,९९७ रुपये बसतो; म्हणजे वर्षाचे जवळजवळ १,०८,०००. ‘हप्ता भाडेकरू भरील’ या वाक्याचें काय झालें ? एकूण भाडें आणि हप्ता हे दोन आंकडे कागदावर सारखे दिसले, आणि तेथेंच स्नेह्याची गणती थांबली. वस्तुतः हातीं येणाऱ्या ८४,००० तून हप्ता भागत नाहीं. दरसाल २४,००० रुपये, म्हणजे महिना दोन हजार, आपल्या पदरचे घालावे लागतात.

एवढ्यावर हिशेब संपत नाहीं. पहिल्या वर्षीं भरलेल्या १,०८,००० पैकीं सुमारें ८९,२०० रुपये व्याजापोटीं जातात आणि मुद्दल केवळ १८,७०० रुपयांनीं कमी होतें. शिवाय आपण स्वतःचे साडेअकरा लाख घातले आहेत. ते ठेवींत शेंकडा साडेसहानें असते तर वर्षाला सुमारें ७४,७५० रुपये देत. आतां सगळें एकत्र मांडूं : व्याज ८९,२०० आणि बुडालेलें ठेवीचें व्याज ७४,७५० मिळून सुमारें १,६४,०००, त्यांतून भाड्याचें निव्वळ उत्पन्न ८४,००० वजा करतां ८०,००० उरतात. वीस लाखांच्या घराची किंमत दरसाल शेंकडा चारांनीं वाढली तरच ही तूट भरून निघते. त्याहून अधिक वाढली तर नफा, कमी वाढली तर तोटा. म्हणजे आपण भाड्याच्या उत्पन्नासाठीं घर घेतलें नसून किंमत वाढेल या आशेवर घेतलें आहे. आशेवर व्यवहार करूं नये असें नाहीं. पण आशेला उत्पन्न हें नांव देऊं नये.

न्यायानें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्राप्तिकराच्या हिशेबांत घरभाड्यांतून नगरपंचायतीचा कर वजा करून उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट सूट मिळते, आणि कर्जाचें व्याजही भाड्यांतून वजा होतें. ठेवीच्या व्याजास अशी सूट नाहीं. भाडें कालांतरानें वाढतें, हप्ता मात्र व्याजाचा दर न बदलल्यास तोच राहतो. म्हणून दहाव्या वर्षाचें चित्र पहिल्या वर्षाहून खात्रीनें बरें असतें. प्रश्न एवढाच कीं, त्या दहाव्या वर्षापर्यंत तूट सोसण्याची शक्ति कुटुंबांत आहे काय ?

कर्ज किती काढावें ?

पूर्वीं मध्यम वर्गांतील मनुष्य जन्मभर पै पै सांचवून निवृत्तीनंतर घर बांधीत असे. हसमुखभाई पारेख यांनीं १९७७ सालीं एचडीएफसी ही संस्था काढली. अशा संस्थांमुळें पगारदारास तरुणपणींच घर घेणें शक्य झालें. ही सोय मोठी खरी. पण सोय आणि आवश्यकता या दोन वस्तु भिन्न आहेत.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जांत बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देऊं शकते. मुद्रांक व नोंदणीचा खर्च सामान्यतः त्या किमतींत धरीत नाहींत. तो स्वतःच्या गांठीचा. ‘देऊं शकते’ याचा अर्थ ‘घ्यावी’ असा नव्हे. सुरक्षित मर्यादा भाड्यावरून काढावी. वरील उदाहरणांत निव्वळ उत्पन्न महिना ७,००० रुपये आहे. त्यांतला पांचवा हिस्सा अडीअडचणीसाठीं राखून ठेवला तर हप्त्यास ५,६०० रुपये राहतात. तेवढ्या हप्त्यांत सुमारें सव्वासहा लाखांचेंच कर्ज फिटतें. बाकीची रक्कम घरांत नसेल, तर तें घर आपल्यासाठीं नाहीं असें खुशाल समजावें. अंथरूण पाहून पाय पसरावे, हा अर्थशास्त्राचाच सिद्धान्त आहे.

निवृत्त गृहस्थांनीं आणखी एक गोष्ट ध्यानीं घ्यावी. साठीच्या मनुष्यास वीस वर्षांची मुदत सहसा मिळत नाहीं. मुदत दहा वर्षांची झाली कीं त्याच दहा लाखांचा हप्ता १२,६६८ रुपयांवर जातो. मग मुलास सहकर्जदार करावें, अशी तोड निघते. मुलगा आनंदानें सही करतो. पण पुढें त्याला पुण्यास किंवा संभाजीनगरास स्वतःचें घर घ्यावयाचें झालें म्हणजे बँक या जुन्या कर्जाचा हप्ता त्याच्या ऐपतींतून वजा करते. बापाच्या भाड्याच्या घरासाठीं मुलाचें राहतें घर लांबणीवर पडावें, यांत शहाणपण कोणतें ? हा प्रश्न सहीपूर्वीं, सुनेसह सर्वांनीं एकत्र बसून सोडवावा.

व्याजाचा दर बदलता असेल तर तो वाढल्यास हप्ता किती होईल, हें बँकेकडून आधींच लिहून घ्यावें. अशा बदलत्या दराच्या गृहकर्जाची मुदतीपूर्वीं फेड केली तर व्यक्तिगत कर्जदाराकडून दंड घेतां येत नाहीं. म्हणून बोनस, शेतीचें उत्पन्न असें जें अवचित येईल तें प्रथम मुद्दलांत भरावें. आणि ठेवी मोडून घर घेण्यापूर्वीं सहा महिन्यांचे हप्ते व घरखर्च यांची रक्कम बँकेंत राखावी. बँकेंतील ठेवीस ४ फेब्रुवारी २०२० पासून पांच लाखांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे. पतसंस्थेंतील ठेवीस तें नाहीं. जास्त व्याजाच्या लोभानें ही राखीव रक्कम पतसंस्थेंत ठेवणें म्हणजे छत्री घरीं ठेवून पावसांत जाणें होय.

कागदपत्रांची पारख

मराठवाड्यांत घर घेतांना कागद पाहण्याचें काम इतर प्रांतांहून अधिक नाजूक आहे. निजामाच्या राज्याची दफ्तराची भाषा उर्दू होती. जुन्या वाड्यांचे आणि जमिनींचे मूळ कागद त्या भाषेंत असूं शकतात. ते जाणकाराकडून वाचून घ्यावे. कांहीं जमिनी मदतमाश वा खिदमतमाश अशा इनामी असतात, कांहीं देवस्थानच्या असतात. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्यापासून त्यांचा इतिहास तपासल्यावांचून पुढें जाऊं नये. सरकारी परवानगीशिवाय झालेली खरेदी पुढें गळ्याशीं येते.

नगरपंचायतीच्या आकारणीच्या उताऱ्यावर विक्रेत्याचें नांव आहे, एवढ्यावर पुष्कळजण निर्धास्त होतात. तो उतारा कर कोणाकडून वसूल करावयाचा हें सांगतो. मालक कोण हें सिद्ध करीत नाहीं. मालकी सिद्ध होते ती नोंदलेल्या खरेदीखतांच्या अखंड सांखळीनें. शंभर वा अधिक रुपयांच्या स्थावराची विक्री नोंदणीवांचून पुरी होत नाहीं. म्हणून शंभर रुपयांच्या मुद्रांकावर लिहिलेली सौदाचिठ्ठी, साक्षीदार कितीही वजनदार असोत, घराची मालकी देत नाहीं. दुय्यम निबंधकाच्या कचेरींत निदान तीस वर्षांचा शोध वकिलाकडून करवून घ्यावा. गांवाबाहेरच्या नव्या वसाहतींत प्लॉट असेल तर जमीन बिगरशेती झाली आहे काय आणि आराखडा मंजूर आहे काय, हें पहावें. शेताचे गुंठे पाडून विकलेली जागा स्वस्त दिसते. पण तिच्यावर बँक कर्ज देण्यास नाखूष असते, आणि बँक ज्या वस्तूस हात लावीत नाहीं तिला आपणही दुरून नमस्कार करावा.

जुना वाडा घेतांना वारसांचा विचार विशेष करावा. २००५ च्या दुरुस्तीनें हिंदु एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं तो अधिक स्पष्ट केला. नाशिकास किंवा परदेशांत दिलेल्या बहिणीची सही राहिली, तर तिचा हिस्सा उभा राहतो. भाऊ ‘ताईचें कांहीं म्हणणें नाहीं’ असें सांगतील. तें खरेंही असेल. पण ताईचें म्हणणें ताईच्याच सहीनें कागदावर यावें.

नव्या रस्त्यांच्या बातम्या ऐकून घाई करूं नये. समृद्धि महामार्ग ५ जून २०२५ रोजीं पूर्ण खुला झाला, आणि जालना-नांदेड जोडमार्गाची योजनाही आंखण्यांत आली. अशा बातमीबरोबर प्लॉटचे भाव आधीं चढतात; रस्ता मागाहून येतो; आणि भाडेकरू, आलाच, तर त्याच्याही मागाहून. रस्ता जलद झाला म्हणजे नोकरदार शहरांत राहून रोज येऊं-जाऊं लागतो, ही उलट शक्यताही ध्यानांत असावी.

भाडेकरू आणि करार

आपल्याकडे भाड्यानें घर देण्याची धास्ती आहे, आणि तिला इतिहास आहे. मुंबई इलाख्यांत १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला, त्यानें बहुतेक भाडीं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविलीं. गरीब भाडेकरूस त्या काळीं आधार मिळाला हें निर्विवाद. पण दशकें लोटलीं तरी भाडें तेंच राहिलें, दुरुस्तीचा खर्च भाड्याच्या कितीतरी पट झाला, आणि पुण्या-मुंबईंतील वाडे व चाळी मालकाच्या व भाडेकरूच्या डोळ्यांदेखत खचत गेल्या. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशी गोठवण आतां न्याय्य राहिलेली नाहीं असा निर्णय दिला. मराठवाड्यांत १९५४ चा हैदराबादचा निराळा कायदा होता. ३१ मार्च २००० पासून या सर्वांच्या जागीं महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला. तो परिशिष्टांत नांवें असलेल्या गांवांनाच लागू होतो. आपलें गांव त्यांत आहे कीं नाहीं, हें करारापूर्वीं वकिलाकडून पाहून घ्यावें.

जेथें हा कायदा लागू आहे तेथें भाडेकरार लेखी व नोंदलेला असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकावर आहे. न केल्यास दंड किंवा कैदही होऊं शकते. जेथें लागू नाहीं तेथेंही नोंदलेला करार हिताचाच. वीज व पाण्याचें देयक कोणी भरावें, रंग कोणी द्यावा, बदली झाल्यास किती दिवसांची सूचना द्यावी, अनामत रकमेंतून काय कापावें, हें सर्व शब्दांत लिहावें. ‘आपलींच माणसें’ म्हणून तोंडी ठरविलेला व्यवहार आपल्याच माणसांशीं वैर आणतो.

भाडेकरू निवडतांना त्याची नोकरी, पूर्वीच्या घरमालकाचें मत आणि वागणूक पहावी. त्याची जात, धर्म आणि स्वयंपाकघर पाहूं नये. हें नीतीच्या दृष्टीनें तर अनुचित आहेच. पण व्यवहाराच्या दृष्टीनेंही मूर्खपणाचें आहे. लहान गांवीं चांगल्या भाडेकरूंची संख्या मोजकी असते. तींतून निम्मीं माणसें आडनांवावरून वगळणारा मालक आपलें घर आपणच रिकामें ठेवतो. आणि या भागांत येणारा प्रत्येक भाडेकरू पहिला प्रश्न पाण्याचा विचारतो. उन्हाळ्यांत बोअर आटतो काय, टांकी किती मोठी, नळ किती दिवसांनीं येतो, यांचीं समाधानकारक उत्तरें असलेलें साधें घर फरशी चकचकीत असलेल्या कोरड्या घराआधीं उठतें. म्हणून घर पहावयाचें तर वैशाखांत पहावें.

मग पहिलें पाऊल कोणतें ?

एवढें वाचून कोणी म्हणेल कीं भाड्याच्या घराचा नादच नको. तसें नाहीं. वरच्या हिशेबांत सर्वांत जड अंग जमिनीच्या किमतीचें आहे. ज्यांचें तालुक्याच्या गांवीं वडिलोपार्जित घर किंवा मोकळी जागा आहे, त्यांस हें अंग उचलावेंच लागत नाहीं. समजा, अशा घरावर परवानगी काढून, पाया तपासून, स्वतंत्र जिन्याचें एक बिऱ्हाड ८ लाखांत बांधलें आणि त्यास महिना ५,००० रुपये भाडें आलें. एक महिना रिकामा धरून ५५,००० आणि देखभालीचे ८,००० वजा करून ४७,००० उरतात. हें उत्पन्न शेंकडा सहाच्या जवळ जातें; कर्ज नाहीं, आणि भाडें वाढेल तसें तेंही वाढेल. शिवाय ओसाड पडलेल्या वाड्यांत दिवा लागतो, नळ चालू राहतो, छताकडे कोणाचें तरी लक्ष असतें. मराठवाड्यांतील कितीतरी घरें कुलपांतच खचलीं. त्यांचे मालक मात्र शहरांत दुसरें घर शोधीत होते.

ज्यांस अशी जागा नाहीं, त्यांनीं घाई न करतां एक वर्ष बाजार पहावा. गांवांतील दहा भाडेकरूंस ते काय देतात हें विचारावें. मालकांस विचारूं नये, कारण मालक भाडें सांगतो आणि रिकामे महिने सांगत नाहीं. वर्षाचें निव्वळ भाडें एकूण खर्चाच्या शेंकडा किती पडतें, हा एकच आंकडा प्रत्येक घरापुढें लिहावा. तो कर्जाच्या व्याजाच्या निम्म्याहूनही कमी असेल तर कर्ज काढून तें घर घेऊं नये. रोकड असेल तर विचार करावा. आणि रोकड असूनही ती म्हातारपणच्या औषधपाण्याची असेल, तर मुळींच घेऊं नये. घर हें अडीच्या प्रसंगीं आठवड्यांत विकतां येत नाहीं आणि त्याची एक भिंत काढून दवाखान्याचें देयक भरतां येत नाहीं.

संपत्तीच्या सुरक्षिततेची खूण दारावरच्या नांवाच्या पाटींत नसून रात्रीच्या शांत झोपेंत आहे. ज्या घराचा हप्ता भाडेकरू गेल्याच्या महिन्यांतही घरच्या दुधाचा रतीब न तोडतां भरतां येतो, तें घर जरूर घ्यावें. तें आपल्याला आणि आपल्या मागून येणाऱ्यांना खरोखरच आधार देईल.